सासूविंडो

सापगाव,
तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार

प्रिय भाविका,

खिडकीला मी हात लावला. भाऊबिजेला माहेरी निघताना एस.टी.च्या पायरीवरून तू परत वळून बजावलं होतंस, "आई, मी येईपर्यंत खिडकीला हात लावू नका," आणि मी मान हलवली होती. माझं मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं. रागावू नकोस. बोटं सगळी जागेवर आहेत, काच एकही फुटली नाही, आणि मी स्टुलावरून पडले असं जे शेजारधर्म म्हणून देवकीनं तुला फोनवर सांगितलं ते खरं नाही. मी उतरले. जरा लवकर उतरले, एवढंच.

मुरबाडच्या माणसांना तुळशीच्या लग्नापर्यंत तुला काय ते कळवायचंय, हे मी विसरलेले नाही. फोनवर आपण दोघी त्या गोष्टीच्या अवतीभोवती फिरत राहतो. तू विचारतेस जेवलात का, मी सांगते जेवले, मग तू विचारतेस काय जेवलात, आणि भाजीचं नाव सांगेपर्यंत तू फोन ठेवतेस. म्हणून लिहायला बसले. त्या गोष्टीवर मी येणार आहे, पण आधी खिडकीचं सांगते. उद्या देवकीचा जावई मुरबाडला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देईन.

तू निघालीस त्या सकाळी भिंतीच्या पोटात काहीतरी धप्पकन पडलं होतं, आठवतं ना? तू खिडकी वर करायला हात लावलास आणि खालचा पल्ला उजवीकडे लोंबकळून तिरका अडकला. ना वर जाईना, ना खाली येईना. तू बॅग खाली ठेवून त्याच्याशी झटलीस, तेवढ्यात गाडीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी मी शहापूरच्या अॅल्युमिनियमवाल्याला बोलावलं. त्यानं टेप लावला, चौकटीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "मावशी, हे सगळं काढून टाकू. मस्त स्लायडिंग बसवून देतो. डावीउजवीकडे सरकवायची, विषय संपला." मी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. डावीउजवीकडे सरकणारी खिडकी वाईट असते असं नाही. पण आपली वर जाते. वर जाणारी खिडकी आपल्या गावात दुसरी नाही, शहापुरातही मी पाहिली नाही.

तू यांना, तुझ्या सासऱ्यांना, पाहिलं नाहीस. स्वरूपनं तुला खिडकीचं जे सांगितलं असेल ते पोरानं सांगितलेलं. म्हणून थोडं मागून सांगते. कसाऱ्याला साहेबांचा एक जुना बंगला पाडायला काढला होता, त्याचे दरवाजे-खिडक्या उतरवायला हे सुतार म्हणून गेले होते. कौलारू घरं आणि भाताच्या कोठ्या यांत हयात गेलेला माणूस, असली खिडकी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. पहिल्या दिवशी घरी आले ते जेवायला बसेनात. हातानं हवेत दाखवत राहिले. दोन पल्ले, एकापुढे एक, दोन्ही वरखाली जाणारे. बिजागरी नाही, टेकू नाही, आणि जिथे सोडाल तिथे थांबतात. "शकू, एका बोटानं वर गेला गो पल्ला. एका बोटानं!" दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाकडे एक खिडकी मागून घेतली. कसाऱ्याहून गवताचा ट्रक खाली येत होता, त्याच्या गठड्यांवर पल्ले आडवे बांधून आणले आणि स्वतः वर बसून आले. अंगभर गवत, दाढीत गवत, आणि मांडीवर काचा.

त्या बंगल्यावरचे लोक असल्या खिडकीला शाशविंडो की असंच काही म्हणायचे. खरा शब्द सॅश आहे हे मी पुढे कधीतरी वाचलं. यांच्या तोंडी ते सासविंडो झालं आणि आपल्या आळीत येईपर्यंत सासूविंडो. सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या आजेसासू गुणाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना जी समजूत झाली ती मरेपर्यंत गेली नाही. पोरानं कसाऱ्याहून खास सासूसाठी खिडकी आणली! सासू म्हणजे कोण, तर त्या. दुपारची भांडी झाली की पाट घेऊन खिडकीत बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवायच्या, "माज्या पोरानं सासूची खिडकी आणली माज्यासाठी. तुमच्या पोरांनी काय आणला गो?" हे ओट्यावर रंधा मारत असायचे. एकदाही म्हणाले नाहीत की आये, तसं नाय. मी विचारलं तर म्हणाले, "बसू दे. नावात सासू आहे त काय वाकडा झाला?" त्या जागी मला बसायला मिळालं ते सासूबाई गेल्यावर. स्वरूपच्या पाचवीच्या पुस्तकापासून पुढे जे काही वाचलं ते मी त्याच उजेडात वाचलं.

आता खिडकी कशी असते ते ऐक, म्हणजे पुढचं कळेल. बंगल्याची चौकट भिंतीतून काढताना फुटली होती, तेव्हा पल्ले, कप्प्या आणि लोखंड तेवढं तिथलं. चौकट यांनी घरी नवी केली. बाहेरून ती साधी चौकट दिसते, पण दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्या आतून पोकळ आहेत, लांबुळक्या पेटीसारख्या. पेटीच्या माथ्याशी पितळी कप्पी. पल्ल्याच्या कडेला सुती दोरी ठोकलेली असते, ती कप्पीवरून पेटीत उतरते आणि तिच्या टोकाला वजन टांगलेलं असतं. पल्ला खाली येतो तेव्हा वजन वर जातं, पल्ला वर जातो तेव्हा वजन खाली. एका पल्ल्याला दोन वजनं, एक या पेटीत, एक त्या पेटीत. ती कुणाला दिसत नाहीत. आपण बोट लावतो आणि वाटतं, पल्ला हलकाच आहे. हलका कुठला! सागवान आणि काचा, उतरवून घेताना आम्हा दोघींच्या पाठी मोडल्या. त्यातही यांनी मला एक बारकावा सांगितला होता. वरच्या पल्ल्याची वजनं त्याच्याहून जराशी जड हवीत, म्हणजे तो वर टेकून राहतो. खालच्याची जराशी हलकी, म्हणजे तो खाली नीट बसतो. अगदी बरोबरीची घातली तर पल्ला कुठेच ठरत नाही.

तर बंगल्यावरून चार वजनं यायची होती. ओतीव लोखंडाची, काकडीएवढी लांब. आली तीनच. चौथं कुणी मजुरानं भंगारात दिलं असणार. हे आता मला कळलंय. तेव्हा यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

इथे वरवंट्याची गोष्ट येते. आपल्या पाट्याचा पहिला वरवंटा हरवला होता, एवढं तुला माहीत आहे, कारण तू नवी नवरी आलीस त्या आठवड्यातच देवकीनं तुला ते ऐकवलं होतं. देवकीची सासू गोजरआजी. तिच्या नातवाच्या बारशाला तिनं आपला वरवंटा मागून नेला होता, पाळण्यात घालायला. तिच्या स्वतःच्या वरवंट्याचा टवका उडालेला होता आणि बारशाला धड वरवंटा लागतो. बारसं झाल्यावर तिनं तो परत आणला, सासूबाई घरी नव्हत्या म्हणून ओट्यावर ठेवला आणि गेली. हे गोजरआजीचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं, ओट्यावर काहीच नव्हतं. तिथून जे सुरू झालं ते दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत चाललं. भांडण कशावरूनही होवो, पाण्यावरून, कोंबड्यांवरून, शेवटी सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "आधी माजा वरवंटा दे!" आणि गोजरआजी कुंपणापलीकडून, "ओट्यावं ठेवलाय! तुज्या डोल्यांना दिसत नाय त्याला मी काय करू गो?" पण एकीला ताप आला की दुसरी पेज घेऊन जायची. पेज पाजताना वरवंटा निघायचाच. आणि भांडण पेटलं की हे कानामागची पेन्सिल चाचपत हळूच उठून मागच्या दारानं निघून जायचे. मला वाटे, बायकांच्या भांडणाला कंटाळतात.

सासूबाईंना त्या दगडाचं इतकं का लागलं होतं, तेही सांगते. नुसता वाटणाचा दगड गेला म्हणून नाही. वाटणाला त्यांनी म्हशाच्या जत्रेतून दुसरा आणला, तोच तू वापरतेस. सुरुवातीला तो पाट्यावर बसत नव्हता, मध्येच अडखळायचा, चटणीत दगडाची खर यायची. सासूबाई दर वाटणाला त्याला शिव्या घालायच्या. पुढे घासून घासून तो त्या पाट्याचाच होऊन गेला. तू आलीस तेव्हा तुला वाटलं दोन्ही एकाच खाणीतले. पण पहिला वरवंटा स्वरूपच्या पाळण्यातला होता. त्याच्या बारशाला आधी तो कुंची घालून पाळण्यात निजवला, मग स्वरूप. नाव ठेवायच्या आधी बायका वरवंटा पाळण्याखालून या हातातून त्या हातात देत होत्या, आणि सासूबाई ओरडत होत्या, "नीट धरा, माजा थोरला नातू हाय तो!" तेव्हापासून त्या वरवंट्याला थोरला म्हणायच्या. थोरला हरवला म्हणून त्या इतक्या चिडल्या होत्या.

आता मागच्या आठवड्यात ये. मी देवकीला बोलावलं. यांची पटाशी आणि हातोडी पेटीत तेल लावून ठेवलेलीच आहेत. हे काम करताना मी खिळे द्यायला जवळ बसायची, त्यामुळे क्रम मला पाठ होता. आधी आतल्या बाजूच्या पट्ट्या काढायच्या. टोकाकडून सुरुवात करायची नाही, मधे पटाशी घालून पट्टी धनुष्यासारखी वाकवायची, मग खिळे आपसूक सुटतात आणि पट्टी मोडत नाही. देवकी म्हणाली, "वैनी, मोडलीस त मी नाय हा बघितला." मोडली नाही. पट्ट्या निघाल्या की खालचा पल्ला आत ओढून घेता येतो. आम्ही तो खाटेवर निजवला. पल्ल्याचा खालचा कोपरा हाताला भुसभुशीत लागला, पावसाचं पाणी मुरून. तेवढा तुकडा मी पुढे शहापूरच्या सुताराकडून नवा घालून घेतला. बाकी काम आम्हा दोघींचं.

पेटी उघडायची कशी, हे देवकीला कोडं पडलं. चौकटीच्या आतल्या अंगाला, खालच्या बाजूला, वीतभर लांबीची एक फळी वेगळी कापून स्क्रूनं बसवलेली असते. रंगाखाली तिची फट दिसत नाही. हे तिला खिसा म्हणायचे. "खिडकीला खिसा ठेवावा लागतो, नायतर दोरी तुटली की चौकट फोडावी लागंल." मी नखानं रंग खरवडून फट शोधली, स्क्रू फिरवले, फळी काढली आणि आत हात घातला. डावीकडच्या खिशात दोन्ही वजनं गार, लोखंडी. मग उजवीकडचा खिसा उघडला. एक लोखंड हाताला लागलं. दुसरं लोखंड नव्हतं. तळाशी धुळीत काहीतरी खरबरीत, गोल, दोरीच्या जाळीत गुंडाळलेलं पडलं होतं. खिसाही इकडचा रुंद होता. का, ते तेव्हाच कळलं. ओढून बाहेर काढलं. यांनी सुतळीचं लहानसं शिंकं विणलं होतं, दह्याचं मडकं टांगतात तसलं, आणि शिंक्यात वरवंटा.

मी काही बोलायच्या आत देवकी जमिनीवर बसली. "अगो बाय," म्हणाली, "हा त तो वरवंटा गो!" मग तिला हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला, सगळं एका दमात. "माजी सासू सरनावं चढली तवा बी चोर व्हती, आन् हा हितं भिंतीत लटाकतोय! आन् तुजी सासू त्याच्याच जोरावं खिडकी वर करून माज्या सासूला शिव्या देत व्हती!" हे मात्र खरं. रोज दुपारी सासूबाई ती खिडकी वर सारायच्या, तेव्हा त्यांचा थोरलाच भिंतीतून खाली उतरत होता आणि त्यांच्या हाताचा भार हलका करत होता. देवकी तिथेच थांबली नाही. तिनं मला उठवलं, वरवंटा माझ्या हातात दिला आणि मला त्यांच्या घरी नेलं. गोजरआजीच्या फोटोपुढे तो ठेवायला लावला, जास्वंदीचं फूल वाहायला लावलं आणि म्हणाली, "आता सांग तिला." मी हात जोडले आणि सांगितलं, आजी, तुम्ही ओट्यावर ठेवला होता. देवकीनं डोळे पुसले आणि चहा टाकला.

यांचं काय झालं असेल ते मी मनाशी जुळवलं. पल्ला बसवायचा होता, चौथं वजन नव्हतं, आणि ओट्यावर वरवंटा दिसला, जवळजवळ तेवढ्याच भाराचा. उद्या लोखंड आणू, तोवर हा टांगू, असं म्हणाले असतील. संध्याकाळी आई घरी आली आणि गोजरआजीच्या नावानं आळी डोक्यावर घेतली. त्यानंतर या माणसाची बोलायची हिंमत झाली नाही, आणि जितके दिवस गेले तितकी ती कमीच होत गेली. चांगला माणूस होता, पण आईपुढे बोलायचं म्हटलं की असा भिंतीआड जायचा. लोखंडापेक्षा दगड थोडा जड, म्हणून आपली खिडकी वर जाताना नेहमी उजवा खांदा पुढे काढायची. स्वरूप म्हणायचा, आपली खिडकी आजीसारखी लंगडते. त्याच्याच पाळण्यातला दगड तो, आणि त्याला कधी कळलं नाही. मी त्या दिवशी खिडकीच्या मोकळ्या भगदाडासमोर बसून राहिले. पल्ले नाहीत, काचा नाहीत, समोर भातसई गावाकडचं कापलेलं शेत सरळ घरात येत होतं. वरवंटा मांडीवर होता. लावणीच्या दिवसांतला ताप स्वरूपला घेऊन गेला त्यानंतर इतक्या उघड्यावर बसून मी पहिल्यांदाच रडले. देवकी शेजारी पट्ट्यांचे खिळे सरळ करत होती. तिनं वर पाहिलं नाही, ते बरं केलं.

दोरी शहापुरातून आणली. दुकानदार नायलॉनची देत होता, चकचकीत. मी सुतीच मागितली, कारण नायलॉन ताणलं जातं आणि मग पल्ला खाली उतरत राहतो. कप्पीवरून दोरी आत सोडायची म्हणजे मोठी कटकट. मऊ दोरी कप्पीपाशीच गोळा होते, खाली उतरतच नाही. मला यांनी ते कसं केलं होतं ते आठवेना. मग परकरात नाडी ओवतो ती आठवली. एक वाकवलेला खिळा बारीक नाडीला बांधला, तो कप्पीवरून आत सोडला, भारानं तो टुणकन खिशापाशी उतरला. नाडीच्या वरच्या टोकाला दोरी शिवली आणि खालून नाडी ओढून घेतली. देवकी म्हणाली, "एवड्यासाटी सुतार कशाला लागतो गो!" चारही दोऱ्या अशाच ओवल्या. पट्ट्यांच्या खाचांना मेणबत्ती घासली. काचांची सुटलेली लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडून नवी भरली, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून. भाकरीच्या पिठाचाच हात लागतो त्याला, जरा घट्ट. जुन्या काचा तशाच ठेवल्या आहेत, त्यांतून शेत पाण्यासारखं हलतं. स्वरूपनं चेंडूनं फोडलेल्या जागी घातलेली ती एक साधी काच, तीही तशीच आहे.

त्या साध्या काचेतून तू रस्ता बघायचीस. त्यातून सगळं सरळ दिसतं म्हणून. स्वरूपची गाडी वळणावर आली की चहाचं आधण ठेवायचीस. तो गेल्यापासून तू खिडकीत बसत नाहीस. रोज सकाळी उघडतेस, संध्याकाळी लावतेस, आणि मधल्या वेळात तिच्याकडे पाठ करून निवडण-टिपण करतेस. ते मी बघते. गेल्या उन्हाळ्यात देवकीच्या नातीचं बारसं झालं, तेव्हाही मी बघितलं. तू पहाटेपासून राबलीस, घुगऱ्या शिजवल्यास, पाळण्याला फुलं बांधलीस. मग पाळण्याभोवती बायकांना हाका मारल्या गेल्या, तू ये गो, तू पण ये, आणि तुझं नाव कुणी घेतलं नाही. तू घुगऱ्यांचं ताट ओट्यावर ठेवलंस आणि मोरीत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागलीस. माझं वय झालं, मला सवय आहे. मी मागेच उभी राहते आणि तिथूनही दिसतं. पण तुझ्या हातात तेव्हा एक वरवंटा यायला हवा होता. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नवरात्रात मुरबाडची ती माणसं, आदेश आणि त्याची बहीण, तुझं विचारायला इकडे येऊन गेली, तेव्हा तू शहापूरला दुकानात होतीस. त्या भेटीबद्दल मी तुला नीट सांगितलं नाही. त्यानं चहा घेतला, त्याच्या म्हशाच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेबद्दल विचारलं तेवढं सांगितलं, जास्त बोलला नाही. बहिणीनंच बोलायचं ते बोललं. निघताना त्यानं चपला घालता घालता मला विचारलं, "तुमाला चालंल का? तुमाला नाय चालला तर मी तिला विचारणार नाय." मी म्हटलं, विचारा. मग उकडतं म्हणून त्याला मी खिडकी वर करायला सांगितली. पोतं उचलावं तसा दोन्ही हातांनी जोर लावला त्यानं, आणि पल्ला सर्रकन वर गेला, तो दचकून मागे सरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. मग स्वतःशीच हसला. तुला आठवतं, तू नवरी आलीस तेव्हा तूही असाच जोर लावला होतास आणि स्वरूप हसून हसून खाली बसला होता? नवं माणूस जोर लावतंच. त्यानं पुन्हा पल्ला खाली घेतला आणि या वेळी एका बोटानं वर केला. मग विचारलं, "वजन कुठं हाय ह्यात?" मी म्हटलं, आत आहे. मला तो माणूस बरा वाटला.

आता का लिहिलं ते सांगते. परवा तुझ्या आईचा फोन आला होता. ती म्हणाली, भाविका हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विचारलं की एवढंच म्हणते, आधी सापगावची खिडकी होऊ दे, आई एकट्या आहेत, खिडकी झाल्यावर बघू. तर भाविका, खिडकी झाली. काल पट्ट्या ठोकून रंगाचा हात दिला. खालचा पल्ला एका बोटानं वर जातो, सोडला तिथे राहतो, उजवा खांदाही आता पुढे काढत नाही, कारण उजव्या पेटीत मी वरवंटा परत टांगला नाही. शहापूरच्या वेल्डरकडून लोखंडी नळी बंद करून घेतली आणि तराजूत डावीकडच्या वजनाशी जुळेपर्यंत तिच्यात वाळू भरली. उजेड भरपूर येतो, वाचनालयातली पुस्तकं आहेत, देवकी कुंपणापलीकडे आहेच, आणि दोन ताटं घासायची हाताची सवय हळूहळू जाईल. खिडकीसाठी तू येऊ नकोस. तुझं मन हो म्हणत असेल तर तुळशीच्या लग्नाआधी त्यांना हो म्हण, आणि मग आदेशला घेऊन पाहुणी म्हणून ये, खिडकीत बस, साध्या काचेतून बघ. मन नाही म्हणत असेल तर तसं सांग आणि घरी ये. पण माझ्या नावानं नाही म्हणू नकोस. थोरला मी धुऊन उन्हात वाळवला आणि सासूबाईंच्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून ठेवलाय. तुझ्या घरी पाळणा बांधशील तेव्हा आधी तो निजेल, मग लेकरू. तो पाळण्याखालून फिरेल तेव्हा मी बायकांच्या मागे उभी राहणार नाही, तुझ्या शेजारी उभी राहीन आणि तो तुझ्या हातात देईन, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. फक्त बारशाचं दोन दिवस आधी कळव. वरवंटा जड आहे, एस.टी.त बसायला जागा बघून निघावं लागेल.

तुझीच,
खिडकीतली सासू
शकू